झांबेताची पहिली पंगत

झांबेताच्या तोंडात 'नाही' हा शब्द घालायला देव विसरलाच होता. एकदा अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून एक माणूस ज्ञानकोश विकायला आमच्या बेटावर आला. सगळ्या गावात त्याचा एकच संच खपला, तो झांबेताकडे. पुढच्या वर्षी तोच माणूस तोच ज्ञानकोश घेऊन परत आला, तर हिनं आणखी एक घेतला. "अगं, एवढ्या उन्हात चढून आला बिचारा!" म्हणाली. दोन्ही संच शिलाई मशीनच्या पायांखाली आहेत. मशीन डुगडुगत नाही, एवढा त्यांचा उपयोग खरा.

लग्नाचीही तीच तऱ्हा. एकाच आठवड्यात दोघांनी मागणी घातली आणि ही बया दोघांनाही 'हो' म्हणून बसली. त्यातला याकूमीस अंगठी घेऊन आधी पोचला. दुसरा रागारागानं बोटीत बसला तो थेट मेलबर्नला उतरला. याकूमीसचं नशीब म्हणा की पायातला जोर म्हणा, संसार मात्र दृष्ट लागावी असा झाला. ती गावाचे पडदे शिवायची, होड्यांच्या ताडपत्र्या शिवायची, लोकांच्या पोरांना बाप्तिस्म्याला कडेवर घ्यायची. तो मासे पकडायचा आणि बायकोनं कोणाकोणाला काय कबूल केलंय ते निस्तरत फिरायचा.

याकूमीसची एकच हौस होती. आय-लियासचा मान आपल्या घरी यावा. आय-लियास म्हणजे आमच्या डोंगरमाथ्यावरचा संत. त्याची तसबीर वर्षभर एका घरी राहते, तिथं दिवा अखंड तेवतो आणि त्या घराचं दार वर्षभर कोणालाही बंद नसतं. मग जुलैत, सणाच्या आदल्या संध्याकाळी, त्या घरानं अख्ख्या गावाला माथ्यावर जेवू घालायचं. मान मिळायला रांग असते, आणि रांग आमच्या बोटीच्या तिकिटासारखी, हलतच नाही. याकूमीसनं नाव दिलं तेव्हा त्यांच्या लेकीचे, अनेझाचे, दुधाचे दात पडत होते. मान आला तेव्हा अनेझाची स्वतःची पोर शाळेत जात होती, आणि याकूमीस खाली दफनभूमीत सरूच्या सावलीत निजला होता.

"तुझी पंगत मी घालीन बघ," झांबेतानं त्याच्या दगडावरची धूळ रुमालानं पुसत सांगितलं होतं. "एकही मडकं भरलेलं खाली येणार नाही."

ही मडक्यांची गोष्ट आमच्यात जिवावर बेतण्याइतकी मोठी आहे. काबुली चणे, कांदा, तमालपत्र, भरपूर ऑलिव्ह तेल, हे सगळं मातीच्या मडक्यांत भरून गावच्या लाकडी भट्टीत रात्रभर शिजवायचं आणि दुसऱ्या दिवशी वर न्यायचं. मडकी रिकामी खाली आली की घराचं नाव झालं. एका घराण्याच्या पणजोबाच्या मानाला लोक आले नाहीत आणि मडकी भरलेली उतरली. त्या घराला गाव आजही 'भरमडके' म्हणतं. त्यांच्या पोरींची लग्नं ठरतानासुद्धा कोणीतरी हळूच विचारतं, "म्हणजे ते भरमडके का?"

तर अशा वर्षी, नेमक्या त्याच वर्षी, पंखे आले.

आले म्हणजे कागदावर आले. कुठल्याशा कंपनीचे दोन तरुण पाणीदार डोळ्यांचे आणि चकचकीत बुटांचे, डोंगरमाथ्याचं चित्र घेऊन शाळेत उभे राहिले. चित्रात आय-लियासच्या देवळामागे विजेच्या पांढऱ्या पवनचक्क्या ओळीनं उभ्या होत्या. मग जो गदारोळ झाला, तो बंदरावर ऐकू गेला.

"संताच्या डोक्यावर पंखा?" झानीस ओरडला. झानीस म्हणजे याकूमीसचा धाकटा भाऊ, झांबेताचा दीर. त्याच्या बकऱ्या माथ्यावर चरतात आणि त्याचं चीज अथेन्सपर्यंत जातं.

"उकाड्यात बरंच आहे की!" स्त्रातोस म्हणाला. स्त्रातोस म्हणजे अनेझाचा धर्मपिता, बंदरावरचा आइस्क्रीमवाला. दर ऑगस्टला गर्दी झाली की बेटाची वीज जाते आणि त्याचं आइस्क्रीम गटारीतून समुद्राला मिळतं. मासे तेवढे खूश असतात.

"रस्ते फोडतील! डोंगर कापतील! माझ्या बकऱ्या काय हवेत चरतील?"

"तुझ्या बकऱ्यांनी डोंगर आधीच बोडका केलाय, आता पंख्यांनी काय वाकडं व्हायचंय!"

"वारा आमचा, वीज त्यांची, आणि आम्हाला काय? घरघर!"

"आत्ता काय आहे मग? डिझेलच्या कारखान्याचा धूर खातोस ना रोज? माझ्या बायकोचे पांढरे कपडे वाळतात तेव्हा करडे होतात!"

झालं. लहानपणी एकाच गाढवावर बसून शाळेत जाणारे हे दोघे त्या दिवसापासून एकमेकांना दिसेनासे झाले. समोरासमोर आले तरी दिसायचे नाहीत. गाव उभं चिरलं गेलं. कॉफीघरं दोन होतीच, एक पंखेवाल्यांचं झालं, एक बिनपंखेवाल्यांचं. नवऱ्याबायकोत अबोले झाले. पाद्रीबाबा दोन्हीकडे कॉफी पिऊन पिऊन झोप उडवून बसले. कौल ग्रामसभेत हात वर करून घ्यायचा ठरला, सणानंतरच्या रविवारी.

आणि झांबेता? तिचं दार वर्षभर उघडं, दिवा तेवता, कॉफीचं भांडं चुलीवर. सकाळी बिनपंखेवाले येत, ती म्हणे, "खरंय रे बाबा, डोंगर एकदा कापला की कापला." दुपारी पंखेवाले येत, ती म्हणे, "खरंय गं बाई, पोरं वीज नाही म्हणून बेट सोडतात." आणि ती खोटं बोलत नव्हती हो! समोरचा बोलत असताना तिला ते मनापासून पटायचं. त्यामुळे तिच्या पूर्वेच्या गच्चीवर एक फलक लागला, 'डोंगर विकाऊ नाही', आणि पश्चिमेच्या गच्चीवर दुसरा, 'वारा आपला, वीज आपली'. बोटीवरून येणारे पर्यटक त्या घराचे फोटो काढायचे.

सण तोंडावर आला तसा झानीस एक दिवस चीजचा गड्डा घेऊन आला. खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"वहिनी, दादाच्या नावाची पंगत आहे. पहिल्या पंगतीला आमची माणसं बसतील ना?"

आता पहिली पंगत म्हणजे काय चीज आहे ते आमच्यातलं लहान पोरसुद्धा सांगेल. देवळाशेजारचं जेवणघर निम्म्या गावापुरतं. पाद्रीबाबांबरोबर पहिली पंगत बसते, ती गरम खाते, मान खाते. ती उठली की दुसरी बसते.

"बसतील की भावजी," झांबेता म्हणाली. "तुम्ही नाही बसायचं तर कोणी?"

संध्याकाळी पिस्त्याच्या आइस्क्रीमचा डबा घेऊन स्त्रातोस आला.

"झांबेता, याकूमीस माझ्या भावासारखा होता. पहिल्या पंगतीत आमची माणसं नसली तर त्याला काय वाटेल?"

"वाईट वाटेल रे," झांबेता म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "बसा की. पहिल्याच पंगतीत बसा."

सणाला तीन दिवस उरले असताना अनेझा बोटीनं आली. आईनं तिला आइस्क्रीम वाढता वाढता हे सगळं सांगितलं. अनेझाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"आई! तू दोघांनाही पहिली पंगत दिलीस?"

"मागितली गं त्यांनी."

"अगं मागतील नाहीतर काय! एका म्यानात दोन तलवारी राहतात का? तुला साधं 'बघू' म्हणता येत नाही?"

"बघू म्हटलं की माणसाचं तोंड कसं पडतं, पाहिलंयस कधी?"

"आता तुझं पडेल!"

आणि पडलंच. गावात गोष्ट लपते कुठे! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही कॉफीघरांतून निरोप आले, आणि नवल म्हणजे दोन्ही निरोप शब्दाशब्दानं सारखे. 'मडकी वर पोचवायला हात लावू, तो संताचा मान. पण ते पहिल्या पंगतीला असतील, तर आम्ही दुसऱ्यालासुद्धा बसणार नाही.'

झांबेता मटकन पायरीवर बसली. तिला मडकी दिसायला लागली. भरलेली, गच्च भरलेली, एकामागून एक डोंगर उतरणारी. "याकूमी, तुझ्या नावाला मी भरमडके लावणार रे," ती म्हणाली आणि भडाभडा रडली. मग उठली, डोळे पुसले आणि ठरलं होतं त्याहून दोन मडकी जास्त भरली. असली ही बाई! भीती वाटली की जास्त रांधते.

सणाच्या आदल्या दिवशी मेल्तेमी सुटला. जुलैत आमच्याकडे हा उत्तरेचा वारा सुटतोच, पण त्या दिवशी त्याच्या अंगात आलं होतं. बोट धक्क्याला लागेना. तसबीर उराशी धरून झांबेता वर निघाली तेव्हा तिचा झगा शिडासारखा फुगला होता आणि अनेझानं तिला मागून कमरेला धरून ठेवलं होतं. नाहीतर संत आणि यजमानीण दोघंही शेजारच्या बेटावर उतरली असती.

प्रार्थना झाली. मग मडक्यांचा फेरा. आमची रीत अशी की संताचं मडकं भट्टीतून निघालं की जेवणघराच्या टेबलापर्यंत जमिनीला लागता कामा नये. गाढवावर नाही, गाडीत नाही. भट्टीपासून माथ्यापर्यंत पायऱ्यांवर सगळं गाव ओळीनं उभं राहतं आणि मडकं हातोहात वर जातं. त्या दिवशी वरच्या अर्ध्यात बिनपंखेवाले उभे राहिले, खालच्या अर्ध्यात पंखेवाले. म्हणजे बरोबर मध्ये, बदामाच्या झाडाशी, खालचा शेवटचा माणूस स्त्रातोस आणि वरचा पहिला झानीस. दुसरं कोणी तिथं उभं राहायला तयार नव्हतं.

मडकं तापलेलं, आणि दोघांना एकमेकांकडे बघायचं नाही. स्त्रातोस समुद्राकडे बघत हात पुढे करायचा, झानीस डोंगराकडे बघत चाचपडायचा.

"घे."

"दे."

"अरे माझं बोट आहे ते!"

"मडक्याशी बोलतोय मी."

"मडक्याला सांग, पोळलं मला!"

खालपासून वरपर्यंत ओळ खुदुखुदु हसायला लागली. हसू आवरावं तर मडकं हलतं, मडकं हललं तर तेल सांडतं. माझी तर बरगडी दुखायला लागली. पण एकही मडकं जमिनीला लागलं नाही. सगळी वर पोचली, टेबलांवर मांडली गेली, आणि मागोमाग खालची ओळही वर आली.

आणि मग सगळे अंगणात थांबले. उजवीकडे एक घोळका, डावीकडे एक. पाठीला पाठ.

झांबेता जेवणघराच्या कडी लावलेल्या दारापुढे उभी राहिली. हातात डाव, डोक्याचा रुमाल उडून मानेत गेलेला. "या," ती म्हणाली. "बसा."

कोणी हलेना.

"आधी कोण, वहिनी?" झानीसनं विचारलं.

"हो, सांगच," स्त्रातोस म्हणाला. "आधी कोण?"

"दोघंही," झांबेता म्हणाली.

"दोघं कसे? जागा कुठाय?"

"मी दोघांनाही सांगितलं. चुकलं माझं. आता काय करू, मला मारा!"

हा असा गलका उठला! बिनपंखेवाले म्हणाले हा विश्वासघात. पंखेवाले म्हणाले हा कट. कोणीतरी खाली जायला वळलं. त्याच्यामागे आणखी चारजण वळले. झांबेतानं ती वळणारी डोकी पाहिली आणि तिला परत भरलेली मडकी उतरताना दिसली.

त्याच घटकेला वारा आत शिरला.

अंगणात नाही हो, जेवणघरात! जेवणघराला दार एकच, उत्तरेचं, आत उघडणारं. मेल्तेमीनं त्याला अशी धडक दिली की कडी तुटून थेट पाद्रीबाबांच्या पायाशी पडली आणि दार भिंतीवर आपटलं. दिवे विझले. पावाच्या टोपल्या उडाल्या. धुळीचा लोट अंगणातून उठला आणि नेम धरल्यासारखा चण्यांकडे निघाला.

"मडकी!" एका बाईनं किंकाळी फोडली.

मग कोणाला पंखा आठवतोय! अख्खं गाव आत धावलं. कोणी मडक्यावर रुमाल टाकला, कोणी कोट टाकला, शाळेच्या बाई तर एका मडक्यावर चक्क पोटावर आडव्या झाल्या. पाद्रीबाबांनी झग्याखाली दोन मडकी घेतली, कोंबडी पिलं घेते तशी. झानीसनं दाराला खांदा लावला. दार हलेना. स्त्रातोस येऊन आदळला, दोघांनी मिळून रेटलं, दार बसलं. कडी तर तुटलेली. दोघं वळले, पाठी लावल्या आणि तसेच घसरत खाली फरशीवर बसले.

अंधार. मग अनेझानं दिवा लावला आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

निम्म्या गावाच्या जागेत अख्खं गाव! एका खुर्चीवर दोघं, बाकावर दाटीवाटी, खिडकीत म्हातारे. पंखेवाल्याच्या मांडीवर बिनपंखेवाली बसलेली, आणि ती त्याचीच बायको निघाली. दोघं महिन्याभरात बोलली नव्हती. ती म्हणाली, "सरक." तो म्हणाला, "कुठे सरकू, तुझ्या खाली मीच आहे!" कोणीतरी फुसकन हसलं. मग जे हसू फुटलं ते थांबेचना. पाद्रीबाबा हसता हसता खोकायला लागले, आशीर्वादाला हात वर करायला जागा नव्हती म्हणून त्यांनी हनुवटीनंच आशीर्वाद दिला.

"उठा रे कोणीतरी, म्हणजे दुसऱ्या पंगतीला जागा होईल," एक म्हातारी म्हणाली.

"उठू कशी आजी, दार उघडता येत नाही!"

ती आमच्या गावातली पहिली पंगत, जिच्यात दुसरीही बसली होती.

झांबेता वाढत सुटली. माणसांच्या डोक्यांवरून ताटं गेली, हातोहात. दाराशी पोचेपर्यंत ताट एकच उरलं, म्हणून तिनं ते झानीस आणि स्त्रातोस यांच्या मध्ये ठेवलं. पाठ हलवली की वारा आत, म्हणून दोघांनाही जागचं हलता येईना. झानीसला पाव पोचेना, स्त्रातोसला चमचा पोचेना. मग स्त्रातोसनं पावाचा तुकडा मोडून, या वेळी समुद्राकडे न बघता, झानीसच्या तोंडापुढे धरला.

"खा. तू मेलास तर दार मला एकट्याला धरावं लागेल."

झानीसनं खाल्ला. चावता चावता म्हणाला, "बघ, एवढा वारा. एवढा वारा त्या कंपनीला फुकट देणार तू."

"एवढा वारा आणि तू त्याच्यावर फक्त बकऱ्या वाळवणार!"

"मडक्याशी बोल."

"मडकं रिकामं झालं."

आणि परत पेटलं. पण आता एका ताटावरून भांडत होते, आणि ताटावरून भांडणारी माणसं एकमेकांना दिसतातच. शेवटी झानीस म्हणाला, "थांब. वहिनीलाच विचारू. वहिनी! आज संताच्या घरात खरं सांग. पंखे हवेत की नकोत?"

चमचे थांबले. हिच्या बाजूनं गावातली निम्मी काठावरची माणसं जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. झांबेतानं झानीसकडे पाहिलं, तिचं तोंड 'नकोत' म्हणायला उघडलं. मग स्त्रातोसकडे पाहिलं, तेच तोंड 'हवेत'साठी वळलं. अनेझानं डोळे मिटून घेतले.

"नाही," झांबेता म्हणाली.

"काय नाही?" दोघांनीही एकदम विचारलं.

"सांगणार नाही. आज नाही. रविवारी सभेत सगळ्यांसारखा हात वर करीन. आणि ऐका, मी जे सांगेन ते तुमच्यातल्या एकालाच आवडणार आहे. ज्याला आवडणार नाही त्यानं सोमवारी सकाळी माझ्याकडे कॉफीला यायचं. न आलात तर याद राखा!"

तिचा तो 'नाही' ऐकून गाव इतकं चकित झालं की क्षणभर फक्त मेल्तेमी बोलत होता. मग पाद्रीबाबांनी पेला उचलला, "यजमानीण शंभर वर्षं जगो!" आणि एकच जल्लोष उसळला. व्हायोलिनवाल्याला हात हलवायला जागा नव्हती, तरी त्यानं वाजवलं. गज सारखा शेजाऱ्याच्या नाकात जात होता. नाचायला जागा नव्हती, म्हणून सगळे बसल्या बसल्या खांदे हलवत नाचले. टेबलं नाचली. दाराशी बसलेले दोघं पाठीनं दार धरून नाचले.

कधीतरी अनेझा म्हणाली, "आई, तू खाल्लंस का?"

यजमानणीला हे कोणी विचारत नाही. झांबेता हसली, कोपऱ्यातल्या मडक्याकडे गेली, डाव घातला. डाव खणकन वाजला. दुसरं मडकं पाहिलं. तेही रिकामं. जास्तीची दोन भरली होती, तीही पावानं चाटूनपुसून लख्ख केलेली, तेलाचा थेंबसुद्धा नाही. ती एकेका मडक्यात वाकून बघत शेवटपर्यंत गेली. मग शेवटचं मडकं तिनं दोन्ही हातांनी उचललं, पोटाशी धरलं आणि फरशीवर बसकण मारली.

"याकूमी," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांदेखत, रडत आणि हसत, "मेल्यांनी सगळं खाल्लं रे! मला एक चणासुद्धा ठेवला नाही!"